तिसरी तारीख

नागनाथअण्णांच्या घरातल्या लोणच्याच्या बरणीवर एक चिठ्ठी डकवलेली असायची आणि चिठ्ठीवर दोन रकाने. एक 'बघितली', दुसरा 'बदलली'. झाकण काढून नुसतं आत डोकावलं तर पहिल्या रकान्यात तारीख पडायची. फोड काढली तर दोन्ही रकान्यांत. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी जेवायला बसले आणि बरणीकडे हात केला, तर अण्णांनी माझा हात वरच्या वर थांबवला.

"बघायलीस का घ्यायलीस?"

"घ्यायलेय."

"मग दोन्हीकडं लिवावं लागतंय." त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, तारखा घातल्या, आणि मगच म्हणाले, "घे. दोन फोडी घे. तारीख तेवढीच लागती."

बरणीच नव्हे, रेडिओच्या पाठीवर चिठ्ठी होती, शिडीच्या पायाला होती, छत्रीच्या दांड्याला सुतळीनं बांधलेली होती. छत्रीच्या 'बदलली'मध्ये लिहिलं होतं, 'काडी एक, भालकीच्या बाजारात.' दारावरच्या आरशाला मात्र चिठ्ठी नव्हती. मी कारण विचारलं. अण्णा म्हणाले, "त्यात बघितलं की बदलल्याचंच दिसतंय. कशाला लिवायचं?"

ही सवय त्यांना दप्तरखान्यात लागली. बीदरच्या एका सरकारी कचेरीत मागच्या अंगाला जुन्या कागदांची लांबोळकी खोली होती. तिथं निजामाच्या वेळचे बस्ते, म्हणजे लाल फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, छतापर्यंत रचलेले. मुलूख हैदराबादेतून म्हैसूरकडं आला तेव्हा अण्णा नुकतेच नोकरीला लागले होते. कागद उर्दूत, बोलणं मराठीत आणि वरचा हुकूम कन्नडमध्ये, अशी तिन्ही बाजूंनी ओढाताण. त्यात एकदा एका साहेबानं एका बस्त्याबद्दल विचारलं, "इसको किसने हात लगाया?" तेव्हा कुणालाच सांगता आलं नाही. बिचाऱ्या एका कारकुनानं तो नुसता वाचायला काढला होता, त्याच्यावर कागद बदलल्याचा आळ आला. तेव्हापासून अण्णांनी प्रत्येक बस्त्याला चिठ्ठी लावली. त्यांचं एक वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं: "बघणाऱ्याला चोर म्हणू न्हाई आन् बदलणाऱ्याला पाव्हणा म्हणू न्हाई."

माझी त्यांची गाठ पडली ती भाड्याच्या खोलीमुळं. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. त्या कचेरीत कंप्युटर आला, आणि तो चालवायला कमलनगरकडची मी. माझ्या आजोबांनी छप्पन सालानंतर लगेचच दीक्षा घेतलेली. घरात पुस्तकं पुष्कळ, पण गावाबाहेर राहण्याची माझी ती पहिलीच वेळ. बीदरमध्ये मी सात घरं बघितली. सातही ठिकाणी आधी आडनाव विचारलं आणि मग खोली कालच कुणाला तरी दिल्याचं निघालं. आठवं घर अण्णांचं. बायको वारलेली, एकुलती एक लेक सुमन लातूरला दिलेली, मागची खोली रिकामी. अण्णांनी आडनाव विचारलं नाही. विचारली ती जन्मतारीख.

"एक जून," मी म्हणाले.

"ती शाळंतली. म्हंजे बदललेली. खरी सांग."

"खरी कुणाला माहीत, अण्णा? आई म्हणते, ज्वारी हुरड्याला आलती."

अण्णांनी खोलीच्या दारावरच्या चिठ्ठीवर शांतपणे लिहिलं, 'पोरगी, हुरड्याची. राहायला आली.' आणि किल्ली दिली.

त्या किल्लीबद्दल पुढं सांगायचंय. हे सगळं मी जे लिहायलेय ते त्या किल्लीपायीच घडलं.

कंप्युटरच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. खोली गार. अण्णा पहिल्यांदा आले ते खांद्यावर शाल घेऊन. यंत्राभोवती एक चक्कर मारली, आणि मग मला दबक्या आवाजात म्हणाले, "ह्येच्यात कागद ठिवता म्हणं. मग चिठ्ठी कुठं लावता?"

मी पडद्यावर फायलींची यादी काढून दाखवली. "चिठ्ठी हे स्वतःच लावतं, अण्णा. ही बघा, फाईल शेवटची कधी बदलली ती तारीख. आणि शेवटचं अक्षर बदलून हाच हुकूम पुन्हा दिला की शेवटची कधी कुणी बघितली, ती."

अण्णा माझ्याकडं बघत राहिले, पडद्याकडं बघत राहिले. शाल गळून खाली पडली. "बघणं येगळं? बदलणं येगळं?"

"वेगळं."

"कुणी शिकिवलं ह्येला?"

"कुणी नाही. जन्मतःच."

"माज्या खानदानातलं हाय की ग ह्ये!" म्हणून त्यांनी यंत्राच्या पत्र्यावर, घोड्याच्या मानेवर थोपटावं तसं थोपटलं. दाराशी उभा असलेला शिपाई महबूबभाई हसत म्हणाला, "मुबारक हो अण्णा, भाई मिल गया!"

एकाच गोष्टीवरून त्यांचं यंत्राशी बिनसलं. ते वेळ कशी मोजतं, असं त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं, सत्तर सालच्या पहिल्या तारखेपासून सेकंद मोजत येतं.

"आन् त्येच्या आधी?"

"त्याच्या आधी त्याच्या लेखी काही नाही."

"काई न्हाई कसं? माजं लगीन त्येच्या आधी झालंय!" दोन दिवस ते यंत्राच्या खोलीत आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि मोठ्या मनानं म्हणाले, "लहान हाय आजून. शिकंल."

नोकरीची शेवटची पंधरा वर्षं अण्णांनी एक काम फावल्या वेळात केलं होतं. त्या उर्दू बस्त्यांची मराठीत सूची. कुठल्या गावचा, कुठल्या सालचा, कशाचा कागद, कुठल्या बस्त्यात. शाळांचे दाखले, विहिरींचे नकाशे, देवस्थानांच्या याद्या, सगळं. ती त्यांनी दुपारी मला सांगितली आणि मी यंत्रात घातली. ते चष्मा कपाळावर सरकवून, डोळे मिटून सांगायचे. मधूनच एखाद्या गावापाशी थांबायचे, "ह्या गावाला आंबे लई गोड," आणि पुढं जायचे. पाच महिने लागले. सूची पुरी झाली त्याच महिन्यात अण्णा निवृत्त झाले. यंत्राला तारेनं जोडलेला एक पडदा खाली लोकांसाठी ठेवला होता, तिथून कुणालाही ती उघडून बघता यायची.

आता इथं गोष्टीची गाठ आहे. सुमनची पत्रं येत होती, अप्पा, आता या, एकटे कशाला राहता. अण्णांचंही मन होतं. पण त्यांनी एक अट घातली होती, आणि ती स्वतःलाच. "सूची कुणी उघडली, तर त्येला पुढं बस्ता लागणार. बस्ता काढून उर्दू वाचून दावणारं माज्याबिगर कोण हाय? म्हणून कुणी बघायलं तर मला ऱ्हावं लागतंय. दिवाळीपत्तर कुणीच बघितलं न्हाई, तर बिस्तरा बांधतो."

निवृत्तीनंतरही ते रोज अकराला कचेरीत येत. चपला काढून, एका बोटानं हुकूम टाइप करून, आपल्या फाईलची 'बघितली' तारीख बघत. फाईल मात्र स्वतः कधी उघडत नसत, मलाही उघडू देत नसत. आपणच उघडली तर तारीख आपलीच पडणार, मग परक्याची कशी कळायची? बाहेर आले की महबूबभाई विचारायचा, "क्या अण्णा, कोई देख्या क्या?" आणि अण्णा म्हणायचे, "आज न्हाई. सोमवारी यील."

आणि एका सोमवारी ती तारीख बदललेली निघाली.

अण्णा धावतच बाहेर गेले आणि अर्ध्या तासानं बुंदीचा पुडा घेऊन आले. साहेबांपासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळ्यांना वाटली. "शनवारी बघितलंय. पाच वाजून सात मिन्टाला. कोण आसंल? दूरचा आसंल, न्हाई तर मला भेटून गेला आस्ता."

मला कोण ते माहीत होतं. कुणीच नव्हतं. दर शनिवारी संध्याकाळी मी सगळ्या फायलींची नक्कल टेपवर उतरवायची असा नवा नियम झाला होता. नक्कल करायची म्हणजे यंत्रालाच प्रत्येक फाईल उघडून वाचावी लागते, आणि वाचली की तारीख पडते. मी हे तिथल्या तिथं सांगायला हवं होतं. पण माझ्या हातात बुंदी होती, अण्णा माझ्या तोंडाकडं बघत होते, आणि मी ती खाल्ली.

पुढं साहेबांच्याही लक्षात आलं. न वापरलेल्या फायली कुठल्या, ते त्यांना हवं होतं. यादी काढली तर सगळ्याच शनिवारी वापरलेल्या. मला म्हणाले, ह्याचा बंदोबस्त करा. बंदोबस्त सोपा होता. यंत्राचा सगळा कारभार बघणारा एक मूळ प्रोग्राम असतो, त्याला आपल्या प्रोग्राममधून थेट एक हाक घालता येते. तिचं नाव यूटाइम. तिला फाईलचं नाव द्यायचं आणि दोन तारखा द्यायच्या, बघितल्याची आणि बदलल्याची. ती निमूट तेवढ्या दोन तारखा फाईलवर लावून टाकते. मी तीसेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. नक्कल करण्याआधी खऱ्या तारखा टिपून ठेवायच्या, नक्कल झाली की त्याच परत लावायच्या. प्रामाणिक काम. म्हणजे बघून गेल्यावर बरणीचं झाकण होतं तसं लावून ठेवल्यासारखं.

ते झाल्यापासून अण्णांची तारीख जागची हलेना. चार आठवडे, सहा आठवडे. महबूबभाईनं विचारायचं सोडून दिलं, यावरून काय ते ओळखा. दिवाळी होऊन गेली. तेवढ्यात सुमनला मुलगी झाली. बारसं एका रविवारी ठरलं. तिनं लिहिलं होतं, 'एकदा आलात की मी काही परत पाठवणार नाही.' अण्णांनी बिस्तरा बांधला. शनिवारच्या दुपारच्या गाडीनं जायचं ठरलं. कुंची-टोपरं आणलं, त्यालासुद्धा चिठ्ठी लावली. आणि मला म्हणाले, "पोरी, ह्या महिन्याअखेर घराला कुलूप लावावं लागंल. तू खोली बघून ठिव."

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की पुढचं मी केलं ते दयेपोटी. म्हाताऱ्याचं पंधरा वर्षांचं काम कुणी उघडूनही बघत नाही, त्याला जाताना तेवढं तरी समाधान मिळावं म्हणून. हे खोटं आहे. मला ती सात घरं पुन्हा फिरायची नव्हती. एवढंच खरं आहे.

शुक्रवारी साडेपाचला, सगळे गेल्यावर, मी तो प्रोग्राम उघडला. खऱ्या तारखेच्या जागी माझ्या मनानं तारीख घातली: त्याच दिवशीची, सकाळी अकरा वीस. हाक घातली. हाकेनं काही विचारलं नाही.

मला वाटलं होतं, अण्णा बारशाला जातील, दोन दिवसांनी परत येतील आणि घराला कुलूप लागणार नाही. ते जाणारच नाहीत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माणूस रोज इतका जवळून बघितला होता, तरी.

शनिवारी सकाळी त्यांनी तारीख बघितली. दप्तरखान्यात गेले, बस्ते झटकले, एक स्टूल मांडलं, मातीच्या मडक्यात पाणी भरून ठेवलं आणि दारात बसून राहिले. मी जाऊन म्हणाले, "अण्णा, गाडी दोनची आहे."

"काल बघून गेलाय. आज बस्ता मागायला यील. आन् दार बंद दिसलं तर?"

"बारसं आहे, अण्णा. लेकीचं पहिलं."

"बारसं काय, नाव ठिवतील. मी नसलो म्हणून काय पोरगी बिननावाची ऱ्हाईल?" हसले, पण डोळे दाराकडं. कुंची-टोपरं त्यांनी गाडीच्या कंडक्टरजवळ दिलं. संध्याकाळी मडक्यातलं पाणी बाहेर झाडाला घातलं. बारशाच्या दिवशी जेवताना मधेच म्हणाले, "आता पाळण्यात घातली आसंल."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. उलट पुढं सवय लागली. त्यांचा चेहरा उतरला, सुमनचं पत्र आलं, घराला कुलूप लावायचं बोलणं निघालं, की मी साडेपाचला मागं थांबून हाक घालत असे. दीड वर्षात नऊ वेळा. कधी सकाळची वेळ टाकायची, कधी दुपारची. एकदा मंगळवार टाकला, एकदा गुरुवार, म्हणजे बघणारा खरा वाटावा.

आणि अण्णा रोज अकराला येत, बघत, आणि संध्याकाळी भाकरी थापता थापता मला विचारत, "कोण आसंल ग बघणारा?" मी म्हणायची, "एखादा मास्तर असेल." ते म्हणायचे, "मास्तर का? बरं. मास्तर चांगला." आम्ही दोघांनी मिळून त्या मास्तराला हळूहळू पुरा माणूस केला. तो आळंदकडचा होता, त्याला दोन मुलं होती, त्याला दम्याचा त्रास होता म्हणून जिने चढून वर दप्तरखान्यापर्यंत येत नव्हता. एका हिवाळ्यात अण्णांनी त्याच्यासाठी अडुळशाचा पालासुद्धा वाळवून ठेवला.

मधे कधीतरी त्यांनी माझ्याकडून यंत्राचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मागून नेलं. "मास्तराचं नाव कळतंय का बघतो," म्हणाले. मला हसू आलं. सहावी-सातवीपर्यंतचं इंग्रजी त्यांचं. शब्दकोश उशाशी घेऊन, एका ओळीला एक दिवस, असं वाचत असत. पुस्तकालाही चिठ्ठी लागली. 'बघितलं'चा रकाना भरून मागच्या बाजूला गेला, 'बदललं' कोरा.

मग एके दिवशी सुमनचं पत्र आलं ते माझ्या नावानं. अक्षर ठळक, वाक्यं थोडी. 'ताई, पोरगी आता चालायला लागली. फोटोला आजोबा म्हणते. अप्पाला तिथं कोण अडवून धरलंय, ते तुम्ही जवळून बघता, मला कळवा. मी त्या माणसाचे पाय धरीन.'

ते पत्र मी चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. पाचव्या दिवशी रविवार होता. अण्णा ओसरीवर तूर निवडत बसले होते. मी समोर बसले आणि म्हणाले, "अण्णा, तुमची फाईल कुणी बघितली नाही. एकदाही नाही. पहिल्यांदा टेपच्या नकलेनं तारीख पडली होती. नंतरच्या सगळ्या मी घातल्या."

अण्णांनी एक खडा उचलला, नीट बघितला, बाजूला टाकला.

"व्हय," म्हणाले.

"व्हय काय, अण्णा? बारशाच्या वेळची पण माझीच होती."

"व्हय की. शुक्रवारची. तीबी नंतर कळाली." ते उठले, आत गेले आणि आपली वही घेऊन आले. सूचीच्या फाईलचं पान उघडलं. 'बघितली' आणि 'बदलली' यांच्या शेजारी त्यांनी पट्टीनं आखून एक तिसरा रकाना केला होता. वर लिहिलं होतं, 'हात लावला'.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. यंत्र प्रत्येक फाईलवर दोन नव्हे, तीन तारखा ठेवतं. तिसरी असते ती चिठ्ठीलाच कुणी हात लावला की पडणारी. माझी हाक पहिल्या दोन तारखा हव्या तशा लावते, पण लावताना तिसरी आपोआप त्या क्षणाची पडते, आणि ती लावायला कुठलीही हाक नाही. मला हे ठाऊक होतं. पुस्तकात असतं. पण ती तारीख बघायला कोण बसलंय, असं वाटलं होतं.

"पुस्तकात घावलं," अण्णा म्हणाले. "शेवटचं अक्षर आजून एकदा बदललं की तिसरी दिसतीय. शनवारची सगळ्याच फायलींला हाय, ती तुज्या नकलेची. पर बुधवारी साडेपाचला एकट्या माज्याच फाईलीला कोण हात लावायलंय? साडेपाचला आत कोण आसतंय?"

"कधी कळलं तुम्हाला?"

"बारशानंतर दोन महिन्यांनी."

"अण्णा, म्हणजे सव्वा वर्ष तुम्हाला माहीत होतं? मग मास्तर? अडुळसा?"

"अडुळसा मला बी लागतोय."

मला हसू यायला लागलं आणि रडूही. "मला विचारलं कामून न्हाई?" मी त्यांच्यासारखीच बोलले.

अण्णा पुन्हा तूर निवडायला लागले. मग खाली बघतच म्हणाले, "पयल्यांदा लई राग आला. म्हणलो, सांजच्याला पोरगी आली की इचारतो. तू आलीस. येताना मेथी आणलीस आन् म्हणलीस, अण्णा, आज दाळीत घालू का? मग न्हाई इचारलो. म्हणलो, उद्या. उद्या बी तसंच झालं." खडा. "आन् इचारलो आस्तो, तर तू दुसऱ्या दिवशी भाकरीला आली आस्तीस का?"

आले नसते.

"लेकीला बी काय सांगू? अप्पा बारशाला कामून आला न्हाई, तर एका खोट्या तारखेपायी? लाज वाटायली. लाजंपायी आजून लांबिवलो. त्येच्यात तुजा दोष न्हाई, त्यो माजा." त्यांनी सूप बाजूला सरकवलं. "सूची कुणी बघंना, ह्ये मला मनातून ठावं होतं ग. पर कुणीतरी माज्यासाठी सांजच्याला एकटं मागं ऱ्हाऊन तारीख लावायलंय, ह्येची मला सवय नव्हती. तेवढं लिवून ठिवलो."

तिसऱ्या रकान्यात सात तारखा होत्या. पहिल्या दोन कळण्याआधीच नकलेखाली पुसल्या गेल्या होत्या. त्या जागी त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'माहीत नाही.'

मी सुमनचं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग कानावरची पेन्सिल काढायला हात वर नेला, आणि तसाच खाली आणला. "बिस्तरा बांधाया लाग," म्हणाले. "पर एक महिन्यानं जातो. आधी तू उर्दू शीक. तुजं खोटं खरं झालं, कुणी खरंच आला, तर बस्ता कोण वाचंल?"

एक महिना त्यांनी मला रोज ओसरीवर बसवून उर्दू शिकवलं. चुकले की म्हणायचे, "बघायलीस. वाचायली न्हाईस." जाताना घराला कुलूप लावलं नाही. किल्ली माझ्याकडंच ठेवली. गाडीत बसल्यावर खिडकीतून वाकून म्हणाले, "सुमनला समदं तू सांगायचं. मी सांगणार न्हाई. ज्येनं तारीख लावली, त्येनं सांगावं."

मी सांगितलं नाही. दर वर्षी सांगेन म्हणत राहिले. लातूरला गेले, जेवले, पोरीला खेळवलं, परत आले. आज लिहिते आहे ते त्यासाठी. सुमनताई, तुमच्या अप्पांना अडवून धरणारं माणूस मी होते. पाय तुम्ही नाही, मी धरायचे आहेत.

अण्णा लातूरला गेल्यावर चार महिन्यांनी दप्तरखान्यात एक म्हातारी आली. औरादकडची. तिचा बाप लहानपणी एक वर्ष शाळेत गेला होता म्हणे, त्याचं नाव कुठं लिहिलेलं सापडेल का? मी विचारलं, कशासाठी पाहिजे, दाखला काढायचा आहे का, काही दुरुस्त करायचंय का? ती म्हणाली, "बदलायचं काई न्हाई, बाई. नुसतं बघायचं हाय."

मी सूची उघडली. गाव सापडलं, साल सापडलं, बस्ता सापडला. तिला स्टुलावर बसवलं, मडक्यातलं पाणी दिलं, आणि अडखळत, बोट ठेवून ते नाव वाचून दाखवलं. तिनं त्या अक्षरांवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मी घाई केली नाही.

त्याच दुपारी अण्णांना कार्ड टाकलं. 'फाईल बघितली. खरी.'

आठ दिवसांनी त्यांचं उलट कार्ड आलं. अर्ध्या कार्डात लिहिलं होतं, 'विश्वास आहे. तरी तिसरी तारीख कळवावी.' उरलेल्या अर्ध्यात पट्टीनं तीन रकाने आखले होते आणि वर नातीचं नाव.

'बघितली: रोज.
बदलली: रोज.
हात लावला: पहिल्या दिवशी भ्यालो. दुसऱ्या दिवशी तीच येऊन मांडीवर बसली.'